पंधराच्या दारात सतरा

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
BP १४८/९२. डॉ. लिंडक्विस्ट म्हणाल्या, रोज सकाळी मोजा, आणि राग आला की वहीत उतरवा, बायकोवर नको. मी म्हटलं, मला राग येतच नाही. मार्लिस शेजारच्या खुर्चीत होती. ती छताकडे बघायला लागली. छतात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

संकल्प: मीठ बंद. रोज दोन मैल चालणे. शनिवारी क्रेन्शॉबाईंसमोरचा नंबर दुरुस्त करणे.

संध्याकाळी
नंबरचं एकदा लिहूनच टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल. दोन वर्षांपूर्वी आमच्या हिकरी कोर्ट गल्लीतल्या चौदाही घरांचे नंबर मी स्वतःहून फुटपाथच्या कडेवर रंगवले. काळ्या पट्टीवर पिवळे आकडे. अडीअडचणीला अँब्युलन्सला घर सापडावं, एवढाच हेतू. मी वजनमापं खात्यात एकतीस वर्षं काढली. जिल्ह्यातल्या एकाही पेट्रोल पंपाला थेंबाची चूक करू दिली नाही. त्यामुळे नंबरांनाही नियम होता: ड्राइव्हवेच्या उजव्या हाताला, बरोबर एक फुटावर. तेरा घरं बिनचूक. पण गल्लीच्या टोकाला रस्ता गोल वळतो. तिथे सतरा नंबरच्या ड्राइव्हवेची उजवी बाजू नेमकी क्रेन्शॉबाईंच्या पायऱ्यांसमोर येते, आणि बाईंचं घर पंधरा. त्यांचा स्वतःचा पंधरा पलीकडच्या बाजूला आहे, पण त्यावर त्यांची गाडी उभी असते.

म्हणजे नियम बरोबर आहे. रस्ता चुकलाय.

८ मार्च, शनिवार
BP १४४/९०. हवा ४१ फॅरनहाइट. रंगाच्या डब्यावर स्पष्ट छापलंय, पन्नासच्या खाली वापरू नये. सूचना वाचणारे लोक आता उरले नाहीत. मी वाचतो. काम पुढच्या शनिवारी.

दुपारी पिझ्झावाली पुन्हा क्रेन्शॉबाईंकडे गेली. सतरा नंबरातल्या भाडेकरूंचा पिझ्झा. तिने बेल वाजवली, बाईंनी बोट दाखवलं, ती पलीकडे गेली. मग बाई कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, लॉयड, तुझा सतरा अजून माझ्या दारात बसलाय रे. आता त्याला जेवायलाच वाढते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, तिसरीच्या वर्गाला आयुष्यभर शिकवलं, थट्टा करायची सवय जात नाही. मी हवामान समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं. बिस्किट पायाशी उभा होता. पंधरा वर्षांचा कुत्रा, ठार बहिरा. सोफ्यावरून उतरता येत नाही म्हणून बाईंनी त्याला लाकडी पायरी करून घेतलीय.

१४ मार्च, शुक्रवार
बोलिंग. पोलीस चीफ ब्रॅडिक आमच्या पिना पाडणाऱ्या टीममध्ये आहे. चांगला माणूस, चेंडू मात्र डावीकडे जातो. त्याची एकच तक्रार होती. सैन्याकडून मिळालेली ती चिलखती गाडी नुसती उभी आहे. म्हणाला, वापरली नाही तर बॅटरी उतरते रे, आणि वर्षभरात वापरल्याचं दाखवलं नाही तर सैन्य परत मागतं.

ती गाडी गावात यावी म्हणून कौन्सिलसमोर मीच बोललो होतो. कोणीतरी विचारलं होतं, नऊ हजारांच्या गावात सुरुंगांना न डरणारी गाडी कशाला? मी म्हटलं होतं, सुरुंग लागेपर्यंत थांबायचं का? टाळ्या पडल्या. ऑक्टोबरात भोपळ्यांच्या जत्रेत मला पुढच्या सीटवर बसवलं होतं. फोटो फ्रिजवर आहे.

१६ मार्च, रविवार. दुपारी २.२०
सतरा नंबरातले दोन्ही भाडेकरू पोरगे ट्रेलर लावून घर सोडून गेले. सोफा, टीव्ही, सगळं नेलं. गल्लीच्या राखणदारीचा कॅप्टन या नात्याने मी वेळेसकट रजिस्टरात नोंद केली. गाडीचा नंबरसुद्धा. मार्लिस म्हणाली, ही नोंद कोण वाचणार आहे? मी म्हटलं, वेळ आली की वाचतील.

२२ मार्च, शनिवार
BP १४६/९१. हवा ५३! रंगाला अगदी योग्य. पण आज बास्केटबॉलच्या दोन मॅच आहेत, आणि रंगाचं काम अर्धवट टाकू नये हे माझं तत्त्व आहे. पुढच्या शनिवारी नक्की. घाई काय आहे? दोन वर्षांत कोणाचं काही अडलं नाही.

२५ मार्च, मंगळवार. सकाळी ९.४०
BP मोजत नाही.

पहाटे पावणेसहाला घर हादरलं. वाटलं गॅस. खिडकीतून पाहिलं तर गल्लीच्या टोकाला ती गाडी. *माझी* गाडी. अकरा माणसं, हेल्मेटं, चिलखतं, लांब बंदुका. क्रेन्शॉबाईंच्या पायऱ्यांवर. दोघांनी लोखंडी ओंडका दारावर घातला. दार बिजागरीसकट आत. मग दिवाणखान्यात तो बॉम्ब टाकला, डोळे दिपवणारा, कानठळ्या बसवणारा. पडदे पेटले.

ते दार उघडंच होतं! बाई कधी कुलूप लावत नाहीत. चाळीस वर्षांत लावलं नाही. मूठ फिरवली असती तरी चाललं असतं!

मी राखणदारीचं पिवळं जाकीट नाइटड्रेसवर चढवून धावलो. ओरडलो, घर चुकलंय, ही क्रेन्शॉबाई आहे! एकजण गरजला, खाली झोप! मी म्हटलं, मी कॅप्टन आहे. त्याने बंदूक वळवली. मी झोपलो. ओल्या फुटपाथवर, कडेला तोंड करून. नाकापासून चार इंचांवर माझा सतरा होता. दोन हिवाळे बर्फावर टाकलेलं मीठ खाऊनही रंग जराही उडालेला नाही, हे नमूद करतो.

आतून एक गोळी ऐकली. नंतर कळलं, बिस्किट.

सहा मिनिटांनी सगळे गप्प झाले. वॉरंट सतरा नंबरचं होतं, त्या पोरांसाठी, जे नऊ दिवसांपूर्वी निघून गेलेत! बाईंना स्ट्रेचरवरून नेलं. खुबा मोडलाय, हात भाजलाय. दारावर बारा महिने कुठल्या ना कुठल्या फुलांचं कडं असायचं, त्यामागचे पितळी १ आणि ५ गवतात पडलेत. जाताना एक कागद ठेवून गेले: तक्रारीसाठी फोन, कामाच्या दिवशी नऊ ते पाच.

नऊ ते पाच! आणि यायला पावणेसहा!

२६ मार्च, बुधवार
BP १७१/१०४. पोलिसांचा अहवाल पेपरात आला. कुत्रा अंगावर धावून आला, म्हणे. ज्याला सोफ्यावरून उतरायला पायरी लागते, तो बहिरा म्हातारा अंगावर धावून आला. मी पेपर फाडला. मग मार्लिसने अजून वाचला नव्हता म्हणून चिकटपट्टीने जोडला.

हे सहन करणार नाही. गव्हर्नरला पत्र लिहिणार. फ्रिजवरचा फोटो काढला.

२९ मार्च, शनिवार
गव्हर्नरच्या पत्राचा मसुदा, चार पानं. राखणदारीची माहिती थोडी जास्त झाली असेल.

हवा ५८. पण तो भाग पोलिसांच्या पिवळ्या फितीत आहे. पुराव्याला हात लावू नये. म्हणजे कशाचा पुरावा, ते माहीत नाही. सर्वसाधारण पुरावा.

३१ मार्च, सोमवार
चीफ ब्रॅडिक कौन्सिलसमोर बोलला. शब्द शोधूनही 'चुकलं' सापडलं नाही. म्हणाला, कारवाई नियमाप्रमाणे झाली. घरासमोर सतरा लिहिलं होतं, आमच्याकडे फोटो आहे. पडद्यावर फोटो दाखवला. हॉलमध्ये शंभर माणसं. आकडे फार स्वच्छ दिसत होते.

मागून कोणीतरी विचारलं, कोणी रंगवला हा? मी बुटाची नाडी बांधत होतो.

घरी येताना मार्लिस गाडीत एकदाच बोलली. म्हणाली, तुझ्या बुटांना नाडी नाही, लॉयड.

५ एप्रिल, शनिवार
क्रेन्शॉबाईंना भेटायला पुनर्वसन केंद्रात गेलो. फुलं नेली. त्या म्हणाल्या, बिस्किटचा पट्टा सापडला का रे? मी म्हटलं, शोधतो. मग त्या आपणहून सांगायला लागल्या. हेल्मेट घातलेल्या एकाचा आवाज मी ओळखला, तो डेरेक ह्युलेट. माझ्या वर्गात होता. तिसरीत मी त्यांना पहिल्या दिवशी काय शिकवायची माहितीये? आत यायच्या आधी दार वाजवा. डेरेक वाजवायचा. छान वाजवायचा.

मी म्हटलं, आपण कोर्टात खेचू, गव्हर्नरला लिहू, वॉशिंग्टनला जाऊ. बाई म्हणाल्या, मला ते काही नको. चीफने माझ्या दाराशी यावं, बेल वाजवावी आणि चुकलं म्हणावं. एवढंच. पण स्वतःच्या पायांनी. आणि कौन्सिलने तसं लिहून द्यावं, म्हणजे पुढच्या घरी तरी वाजवतील.

निघताना विचारलं, लॉयड, तो नंबर नीट केलास का? मी म्हटलं, पिवळी फीत आहे. बाईंना एवढ्या गोंधळातही नंबर लक्षात आहे. औषधांमुळे असेल.

संकल्प: बाईंना हे 'चुकलं' मिळवून देणारच. वाटेल ते होवो.

१२ एप्रिल, शनिवार. सकाळी
फीत काढली त्यांनी. तारेचा ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसलो. मार्लिस दारातून म्हणाली, फोटो त्यांच्याकडे आहे. आता पुसलास तर दुसऱ्यांदा रंगवल्यासारखं होईल. मी म्हटलं, मी फक्त शेवाळ काढतोय. ती म्हणाली, काढ. आणि दार लावलं. कुलपाचा आवाज आला. हल्ली गल्लीत सगळेच कुलूप लावतात.

ब्रश परत ठेवला.

२१ एप्रिल, सोमवार
BP १५२/९४, म्हणजे उतरलाय. कारण आहे. कौन्सिलने चौकशी समिती नेमली आणि अध्यक्षपदी माझं नाव आलं! बॉम्बची चौकशी नाही. ओंडक्याची नाही. बिस्किटची तर नाहीच. नंबरांची. गावातल्या फुटपाथवरचे नंबर कोणी, कसे, कोणत्या परवानगीने रंगवले. कौन्सिलच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, लॉयड, मापातला माणूस तुझ्यासारखा दुसरा नाही.

आधी संताप आला. एका बाईचं घर फोडलं आणि तुम्ही आकडे मोजताय? मग विचार केला, आत राहूनच बदल घडवता येतो. स्वीकारलं. मार्लिसला सांगितलं. ती भांडी घासत होती. बराच वेळ तीच बशी घासत राहिली.

१० मे, शनिवार
गावातले ३१२ नंबर मोजून झाले. आकड्याची उंची, जाडी, कडेपासूनचं अंतर. हिकरी कोर्टातले नंबर दर्जाने सर्वोत्तम, हे मी निःपक्षपातीपणे नोंदवलं.

चीफ बोलिंगला आला होता. कोणी बोललं नाही त्याच्याशी. मीही नाही. म्हणजे 'हॅलो' म्हटलं. तो म्हणाला, काय करणार लॉयड, माझ्या पोरांनी नंबर वाचला. मी म्हणणार होतो, दरवाजाही वाचता येतो, बेलही वाचता येते, आणि माझं रजिस्टर! एकदा माझं दार वाजवलं असतं तर दोन मिनिटांत सांगितलं असतं, पाखरं उडालीत, घर रिकामं आहे. पण माझी पाळी आली. स्ट्राइक पडला, दहाही पिना आडव्या.

२८ मे, बुधवार
अहवाल पूर्ण. तेवीस पानं, परिशिष्टं वेगळी. निष्कर्ष: सदर नंबर एका अज्ञात नागरिकाने सद्हेतूने रंगवला.

मार्लिसला वाचायला दिला. 'अज्ञात'वर बोट ठेवून म्हणाली, हा माणूस मला ओळखीचा वाटतो. रात्रीचं जेवण मी एकट्याने जेवलो. मीठ होतं. मुद्दाम घातलं असावं.

१ जून, रविवार
क्रेन्शॉबाई घरी आल्या. नवं दार. तीन कड्या. वॉकर घेऊन आत गेल्या आणि तिन्ही लावल्या. मी कुंपणापाशी उभा राहून आवाजावरून मोजल्या.

झोप नाही. BP सांगत नाही.

ठरलं. ९ तारखेच्या कौन्सिलच्या सुनावणीत उभा राहणार आणि सांगणार: मी रंगवला. आणि मग विचारणार. दोन वर्षं तो नंबर चुकीचा होता. पिझ्झावाली आली, बेल वाजवली. पोस्टमन आला, वाजवली. चर्चच्या बायका केक घेऊन आल्या, वाजवली. माझा मेव्हणा पिऊन आला, त्याने चारदा वाजवली. माझ्या चुकीने दोन वर्षांत एक माणूस दुखावला नाही. कारण प्रत्येकाने विचारलं! तुमच्याकडे बंदुका, गाडी, बॉम्ब, रात्री दिसणारे चष्मे, आणि बोट नव्हतं का एक?

हे ऐकल्यावर हॉल उभा राहील. चीफला यावंच लागेल बाईंच्या दाराशी.

मार्लिसला वाचून दाखवलं. तिने पहिल्यांदाच माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, एवढंच बोल. पुढे-मागे काही लावू नकोस.

७ जून, शनिवार
भाषण अकरा पानं. थोडी पार्श्वभूमी लागतेच, नाहीतर लोकांना माणूस कळत नाही. नागरिकाला तीन मिनिटं मिळतात, पण समितीच्या अध्यक्षाला सवलत देतील.

क्रेन्शॉबाईंना म्हटलं, सोमवारी याच. त्या खिडकीतून म्हणाल्या, तू बोलणार? बघू या.

९ जून, सोमवार. रात्री ८.१५
सवलत दिली नाही.

हॉल भरलेला. बाई पहिल्या रांगेत, वॉकर पुढ्यात. मी सुरुवात केली वजनमापं खात्यापासून. १९८३ च्या पेट्रोल पंपाचा किस्सा घेतला, कारण त्याने माझी सचोटी दिसते. मग स्टेन्सिल. मग रंगाचा प्रकार. मार्लिस तिसऱ्या रांगेतून मानेने खुणा करत होती, मला वाटलं शाबासकी देते आहे. मग मी म्हटलं, आणि म्हणून मी आज सांगतो, तो सतरा मी रंगवला, या हातांनी, आणि चुकीच्या जागी. मी पान उलटलं. म्हटलं, पण माझा प्रश्न असा आहे

आणि घंटा वाजली. तीन मिनिटं. माइक बंद.

मी तसाच ओरडलो, बेल का नाही वाजवली? अध्यक्षबाई म्हणाल्या, लॉयड, बस. पुढचं नाव. चीफ उठला, माइक चालू होता त्याचा. म्हणाला, मी मिस्टर पेटिबोन यांचे मनापासून आभार मानतो. आमच्याकडून चूक नव्हती, हे त्यांनी प्रामाणिकपणे स्पष्ट केलं. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी की त्याच्यासाठी, कळलं नाही.

पाच विरुद्ध शून्य. पोलिसांनी नियम पाळला. दिशाभूल नंबरमुळे झाली.

बाई उठल्या, वॉकर टेकत टेकत माझ्या शेजारून गेल्या. थांबल्या नाहीत.

१२ जून, गुरुवार
पेपरात पहिल्या पानावर: 'चुकीचा नंबर रंगवणारा सापडला.' जणू अडीच महिने त्यालाच शोधत होते. आतल्या पानावर चार ओळी: चिलखती गाडीचा यशस्वी वापर झाल्याने ती गावाकडेच राहणार.

टपालाने नोटीस आली. सार्वजनिक फुटपाथ विनापरवाना रंगवल्याबद्दल दंड. या सगळ्या प्रकरणात शिक्षा झालेला एकटा माणूस मी. दार फोडणाऱ्याला नाही, बॉम्ब टाकणाऱ्याला नाही, बहिऱ्या कुत्र्यावर गोळी घालणाऱ्याला नाही! फोन उचलला. चीफला सुनावणार होतो. पाच वाजून दोन मिनिटं झाली होती.

१४ जून, शनिवार. सकाळी १०.३०
हवा ७४. मॅच नाही.

पंधरा नंबरच्या पायऱ्या चढलो आणि बेल वाजवली. आधी बाई आतून ओरडायच्या, ये रे, उघडंच आहे. आज काही नाही. वॉकरचा आवाज आला, दारापाशी येऊन थांबला.

विचारलं, कोण?

म्हटलं, मी लॉयड.

विचारलं, एकटाच?

म्हटलं, एकटाच.

कडी निघाली नाही. मी दाराकडे बघून बोललो. म्हटलं, बाई, चुकलं. नंबर माझ्यामुळे, उशीर माझ्यामुळे, परवाची तीन मिनिटंही माझ्यामुळे. आज हवामान वगैरे काही सांगितलं नाही.

आतून आवाज आला. म्हणाल्या, तुझं मला दोन वर्षांपासून माहीत होतं, लॉयड. मी त्यांचं विचारत होते.

मग वॉकर दूर गेला.

काळ्या रंगाचा डबा उघडला, गुडघे टेकले, सतरावरून ब्रश फिरवला. मग पलीकडे, सतरा नंबरच्या ड्राइव्हवेच्या बरोबर समोर, नवा सतरा रंगवला.

सगळं मिळून चौदा मिनिटं लागली.